जुनी वास्तु आणि गाळलेली जागा

कोणत्याहि जुन्या शहरांतून पायीं फेरफटका केला असतां दोन गोष्टी वारंवार दृष्टीस पडतात. पहिली म्हणजे जिचें काम संपलें परंतु जी अद्याप उभी आहे अशी इमारत. बंद पडलेली गिरणी, मालक परगांवीं गेल्यामुळें ओसाड झालेला वाडा, ज्याकडे आतां कोणी फिरकत नाहीं असें एखादें सभागृह, हीं तिचीं उदाहरणें होत. दुसरी गोष्ट म्हणजे मधलें घर पडल्यामुळें रस्त्याच्या ओळींत निर्माण झालेलें खिंडार. अशा जागेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे निरखून पाहिलें, तर नाहींशा झालेल्या घराच्या जिन्याची तिरकी रेघ, एखादा कोनाडा, कोणाच्या तरी माजघराचा निळा रंग अजून तेथें दिसतो. या दोन गोष्टींचें शहरानें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी कांहीं वास्तुशिल्पी नव्हें. माझा उभा जन्म शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु ज्या घरांत आपण राहतों आणि ज्या रस्त्यानें रोज जातों, त्यांचा विचार केवळ तज्ज्ञांवर सोंपवून चालत नाहीं, असें मला वाटतें.

जुन्या इमारतीचा प्रश्न निघाला कीं लगेच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, पाडून टाका. जागेला सोन्याचें मोल आलें आहे. दुसरा म्हणतो, एका विटेलाहि हात लावूं नका. पूर्वजांची आठवण आहे. वरवर पाहतां हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात. परंतु पुष्कळदां दोहोंचा शेवट एकच होतो. पहिल्या मार्गानें इमारत महिन्याभरांत जाते, दुसऱ्यानें पन्नास वर्षांत. कारण केवळ दगड, चुना आणि लाकूड यांच्या जोरावर इमारत टिकत नसते. छपरावरचें कौल सरकलें तर तें त्याच दिवशीं पाहणारें कोणी तरी घरांत असावें लागतें. पावसाळ्यापूर्वीं पन्हळ साफ करणारा हात असावा लागतो. ज्या वास्तूंत माणसांचा वावर नाहीं, तिच्या भिंतींत पिंपळ रुजतो. म्हणून इमारत राखावयाची असेल तर तिला काम दिलें पाहिजे, हा या विषयाचा पाया होय. १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या वास्तुशिल्प्यांनीं व पुराणवस्तुज्ञांनीं जी सनद तयार केली, तींतहि हेंच तत्त्व आहे. समाजाच्या उपयोगी पडणारें कांहीं काम वास्तूकडे असलें म्हणजे तिचें रक्षण सुलभ होतें. मात्र त्या कामापायीं तिची मांडणी व तिचे अलंकार बदलतां कामा नयेत, असा तिचा आशय आहे.

ही कल्पना नवी नाहीं. रोम येथील पँथिऑन हें प्राचीन देवालय इ. स. ६०९ मध्यें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झालें, आणि म्हणूनच तें आज घुमटासह उभें आहे; ज्यांना असें नवें काम मिळालें नाहीं अशा रोममधील कित्येक प्राचीन इमारतींचे दगड लोकांनीं दुसऱ्या बांधकामांसाठीं नेले. क्रोएशिया देशांत स्प्लिट नांवाचें शहर आहे. तेथें डायोक्लेशियन या रोमन बादशहानें चौथ्या शतकाच्या आरंभास प्रचंड तटबंदीचा राजवाडा बांधला. सातव्या शतकांत जवळच्या सालोना नगरावर परचक्र आलें तेव्हां तेथील लोक या तटाच्या आश्रयास धांवले. त्यांनीं दालनांतून संसार थाटले. बादशहाच्या समाधीचें पुढें प्रार्थनामंदिर झालें. आणि आजहि त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आंत लोक राहत आहेत. आपल्या पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावानें तो आपल्या निवासासाठीं बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ सालीं त्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगींत त्याचा कांहीं भाग जळाला, तो पुढें बांधून काढण्यांत आला. नंतरच्या काळांत नगरपालिकेची कचेरीहि तेथें होती. पेशव्यांच्या पुण्यांतील किती तरी वाडे नाहींसे झाले. हा राहिला, कारण प्रत्येक पिढीनें त्याच्याकडून कांहीं ना कांहीं काम करून घेतलें.

पूर्वीं हें सारें काटकसरीपोटीं घडत असे. भिंत आयती उभी आहे, मग नवी कां बांधा, एवढाच तो विचार. आज त्या काटकसरीचा आपणांस विसर पडला आहे, आणि नेमकी आजच तिची गरज अधिक आहे. इमारत पाडली म्हणजे केवळ ढिगारा उरतो असें नव्हे. तिच्या विटा भाजतांना जळलेलें सरपण, तिचे दगड घडविणाऱ्या पाथरवटांचे श्रम, हें सारें वायां जातें, आणि नव्या इमारतीसाठीं पुनः तेवढाच खर्च करावा लागतो. जगांत मनुष्याच्या उद्योगांमुळें जो कर्बवायु हवेंत जातो, त्यांतील सुमारें ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितींतून येतो. म्हणजे उभी असलेली चांगली भिंत हें एक प्रकारचें संचित धन आहे, आणि तें उधळण्यापूर्वीं दहादां विचार करावा हें शहाणपणाचें.

परंतु काम द्यावयाचें तें कोणतें? येथेंच वास्तुशिल्प्याची खरी परीक्षा असते. माणसाला अंगरखा बेततांना शिंपी माणसाचें माप घेतो. येथें उलट रीत आहे. अंगरखा आधींच शिवलेला आहे. तो ज्याच्या अंगास येईल असा मनुष्य शोधावयाचा आहे. म्हणून प्रथम इमारतीचेंच माप घ्यावें लागतें. तिचे मजले किती भार सोसतील, खांबांमधील अंतर किती, उजेड कोणत्या बाजूनें येतो, वारा कोठून खेळतो, आग लागली तर माणसें कोणत्या वाटेनें बाहेर पडतील, हे प्रश्न आधीं. आपल्याला काय हवें हा प्रश्न मागाहून.

पॅरिस येथील ओर्से स्टेशनाची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें व्हिक्टर लालू यानें तें सीन नदीच्या कांठीं बांधलें. पुढें आगगाड्या लांब झाल्या आणि त्याचे फलाट आंखूड पडूं लागले. १९३९ पर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या तेथें येईनाशा झाल्या. १९७० च्या सुमारास तें पाडून तेथें हॉटेल उभारण्याचा बेत होता. त्याच सुमारास पॅरिसच्या जुन्या मध्यवर्ती मंडईचे सुंदर लोखंडी मंडप पाडण्यांत आले. ते गेल्यावर लोकांना हळहळ वाटली, आणि त्या हळहळीचा लाभ या स्टेशनास मिळाला. १९८६ सालीं तेथें मुख्यतः एकोणिसाव्या शतकांतील कलाकृतींचें संग्रहालय उघडलें. गाड्यांना आंखूड पडलेली जागा पुतळ्यांना पुरून उरली; वरच्या कांचांतून जो उजेड पूर्वीं उतारूंवर पडे तो आतां संगमरवरावर पडतो. लंडनच्या बँकसाइड वीजघराचीहि अशीच गोष्ट. तें १९८१ सालीं बंद पडलें. आंतील यंत्रें काढून टाकल्यावर सुमारें ११५ फूट उंच व ५०० फूट लांब असें एक अजस्र दालन राहिलें. एखाद्या व्यवहारी माणसानें त्यांत मजले घालून खोल्या पाडल्या असत्या. हर्झोग आणि द म्यूरों या स्विस वास्तुशिल्प्यांनीं तें तसेंच मोकळें ठेवलें, चित्रांची दालनें शेजारच्या भागांत बसविलीं, आणि २००० सालीं उघडलेल्या त्या टेट मॉडर्न संग्रहालयाचें तेंच मुख्य आकर्षण ठरलें. इमारतीजवळ जें आहे तें ओळखणें, आणि कोठें हात लावूं नये हें समजणें, यांतच अर्धें कौशल्य आहे.

मात्र प्रत्येक नव्या कामाची कांहीं किंमत असते, हेंहि विसरतां येत नाहीं. मुंबईचें सर कावसजी जहांगीर सभागृह आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. गेट वे ऑफ इंडिया ज्यानें योजिला त्याच जॉर्ज विटेटनें तें योजिलें, आणि १९११ सालीं तें बांधण्यांत आलें. तेथें संगीताचे जलसे झाले, मोठमोठ्या सभा झाल्या. पुढें त्याची रया गेली. मुष्टियुद्धापासून लग्नाच्या स्वागतसमारंभापर्यंत वाटेल त्या कामासाठीं तें भाड्यानें दिलें जाऊं लागलें. १९९६ सालीं तेथें राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय सुरू झालें. बाहेरचें दगडी रूप कायम राहिलें. आंत मात्र निरनिराळ्या पातळ्यांवर दालनें रचून तीं जिन्यानें जोडण्यांत आलीं. चित्रांना भिंती हव्या असतात, आणि सभागृहाचें सौंदर्य त्याच्या मोकळेपणांत असतें. या दोहोंत कोणास तरी माघार घ्यावी लागते. येथें ती सभागृहानें घेतली. वास्तु वांचली, रस्त्याच्या चौकांतील तिचें स्थान राहिलें. पण जें सभागृह एका दृष्टिक्षेपांत दिसत असे तें आतां तसें दिसत नाहीं. हा व्यवहार तोट्याचा झाला असें माझें म्हणणें नाहीं. कांहींच न करतां तें पडूं देण्यापेक्षां हा मार्ग शतपट बरा. किंमत आधीं मोजावी आणि मग द्यावी, एवढेंच सांगावयाचें आहे.

आतां खिंडाराकडे वळूं. खिंडार कधीं इमारतीच्याच अंगावर पडलेलें असतें. बर्लिन येथील नोयेस म्युझियम हें संग्रहालय श्ट्यूलर या वास्तुशिल्प्यानें १८४३ ते १८५५ या काळांत बांधलें. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांत त्याचा मधला भव्य जिना जळाला, एक बाजू पार गेली, आणि पुढें कित्येक दशकें तें भग्नावस्थेंत पडून होतें. डेव्हिड चिपरफील्ड या इंग्रज वास्तुशिल्प्याच्या हातून त्याचा जीर्णोद्धार होऊन २००९ सालीं तें पुनः उघडलें. त्यानें काय केलें? गेलेली बाजू जुन्या घरांतून मिळविलेल्या विटांनीं बांधली. जिना जुन्याच जागीं व जुन्याच वळणानें नेला. परंतु तो संगमरवराची खडी मिसळलेल्या फिकट काँक्रीटचा, आणि नक्षीवांचून साधा ठेवला. भिंतींवर जेथें जुनें चित्रकाम उरलें होतें तेथें तें राखलें. जेथें गेलें होतें तेथें खोटें रंगविलें नाहीं. नवा भाग जुन्याशीं सुसंवादी असावा, तथापि तो नवा आहे हें पाहणारास ओळखूं यावें, असें व्हेनिसची सनदहि सांगते.

याच्या अगदीं उलट उदाहरण पोलंडच्या राजधानीचें आहे. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्यानें वॉर्साचें जुनें नगर बुद्ध्या उद्ध्वस्त केलें. त्याचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. युद्ध संपल्यावर त्या लोकांनीं तें होतें तसें पुनः उभारावयाचें ठरविलें. अठराव्या शतकांत बेलोत्तो या चित्रकारानें काढलेलीं नगराचीं चित्रें, आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं पूर्वीं केलेले मोजमापाचे नकाशे, यांच्या साहाय्यानें त्यांनीं घरामागून घर उठविलें. सनदेच्या दृष्टीनें ही नक्कल म्हणावी लागेल. परंतु १९८० सालीं युनेस्कोनें त्या नगराला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, तें या पुनर्रचनेच्याच गौरवार्थ. बर्लिनमध्यें बरेंच कांहीं उरलें होतें, म्हणून जुनें व नवें वेगळें ठेवण्यांत अर्थ होता. वॉर्सांत कांहींच उरलें नव्हतें, आणि एका राष्ट्राला आपला पुसलेला चेहरा परत हवा होता. नक्कल लबाडी ठरते ती लपविल्यानें. उघडपणें केलेली नक्कल कधीं कधीं प्रतिज्ञाहि असूं शकते.

परंतु आपल्या नेहमींच्या व्यवहारांतलें खिंडार एवढें दारुण नसतें. तें रस्त्याच्या ओळींतलें एखादें रिकामें घर असतें. शाळेंत आम्ही मुलांना "गाळलेल्या जागा भरा" असा प्रश्न घालीत असूं. त्यांतली खुबी अशी कीं, शब्द स्वतः कितीहि सुंदर असला तरी मागच्यापुढच्या शब्दांशीं जुळला नाहीं तर गुण मिळत नाहींत. आणि शेजारचाच शब्द पुनः लिहून ठेवला तरीहि मिळत नाहींत. रस्त्यांतील मोकळ्या जागेलाहि हाच नियम लागू आहे. तेथें सर्वांपेक्षां उंच, कांचेचा, शेजाऱ्यांकडे पाठ फिरवून उभा राहणारा मनोरा बांधणें ही एक चूक. आणि शेजारच्या वाड्याचे महिरपी खांब प्लास्टरमध्यें ओतून चिकटविणें ही दुसरी. रस्त्याला त्याचें व्याकरण असतें. दर्शनी भिंतींची ओळ, छपरांची उंची, घरांची रुंदी, खिडक्यांचें अंतर, तळमजल्याचा पादचाऱ्यांशीं असलेला संबंध, हें तें व्याकरण होय. तें पाळलें म्हणजे शब्द आपल्या पसंतीचा घालण्यास मोकळीक आहे.

हें व्याकरण कायद्यानेंहि शिकवितां येतें. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आतांच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, कोणतीहि दोन घरें एकसारखीं नाहींत. गॉथिक आहे, ग्रीक-रोमन वळणाचें आहे, हिंदी-मुसलमानी वळणाचेंहि आहे. तरीहि तो रस्ता एकजीव दिसतो. कारण १८९६ च्या नियमानें तेथील इमारतींच्या तळाशीं कमानींखालून जाणारा झांकलेला पायरस्ता ठेवण्याचें बंधन घातलें होतें. इटलींतील बोलोन्या शहरानें तर १२८८ सालींच असा नियम केला होता कीं, प्रत्येक नव्या घरानें रस्त्याकडील बाजूस अशी छपराची वाट द्यावी. आज त्या शहरांत अशा वाटा सर्व मिळून ६२ किलोमीटर भरतात. शतकानुशतकें निरनिराळ्या मालकांनीं निरनिराळीं घरें बांधलीं, पण ऊन आणि पाऊस यांपासून परक्या वाटसरूचें रक्षण करण्याचा हा एक शिष्टाचार सर्वांनीं पाळला.

आणि प्रत्येक खिंडार इमारतीनेंच भरलें पाहिजे असेंहि नाहीं. महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्यें अशा मोकळ्या जागा पुष्कळ होत्या. कांहीं जागीं तर ज्या यहुदी कुटुंबांना पकडून नेलें होतें त्यांचीं घरें होतीं. युद्धाच्या अखेरच्या उपासमारीच्या हिंवाळ्यांत त्यांचें लाकूड लोकांनीं जळणासाठीं काढून नेलें आणि घरें कोसळलीं. आल्डो फान आइक हा तरुण वास्तुशिल्पी तेव्हां नगरपालिकेच्या नोकरींत होता. त्यानें १९४७ पासून शहरभर मुलांसाठीं लहान लहान क्रीडांगणें योजण्यास आरंभ केला. वाळूचा हौद, कोलांट्या मारावयास लोखंडी दांड्या, बसावयास बांक, एवढेंच त्यांतलें साहित्य. १९७८ पर्यंत अशीं ७०० हून अधिक क्रीडांगणें झालीं. त्यांतलीं बहुतेक आतां राहिलेलीं नाहींत. परंतु ज्या जागेकडे पाहवत नव्हतें तेथें मुलांचा कलकलाट सुरू करण्यास फारसा पैसा लागत नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आतां या विषयाच्या वर्मावर येतों. इमारत वांचली, रस्ता सुंदर झाला, आणि तेथें राहणारीं माणसें मात्र देशोधडीस लागलीं, तर आपण काय वांचविलें? मुंबईंत १९४७ च्या कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं जवळजवळ होतीं तेथेंच गोठलीं. भाडेकरूला आधार मिळाला; पण तें भाडें दुरुस्तीस पुरेनासें झालें, मालकांनीं हात आंखडला, आणि दर पावसाळ्यागणिक घरें खचत चाललीं. १९६९ सालीं सरकारनें दुरुस्तीसाठीं कायदा करून उपकर बसविला. त्याखालीं सुमारें १९ हजार इमारती आल्या. १९९५ सालीं वारसावास्तूंच्या रक्षणाचे नियम झाले, ही मोठीच गोष्ट. परंतु यादींत नांव घातल्यानें गळकें छप्पर शिवलें जात नाहीं. ज्या गृहिणीच्या तव्यावर छताचा गिलावा पडतो, तिला दर्शनी भागाच्या नक्षीचें कौतुक करावयास सांगणें ही क्रूर थट्टा आहे. ती नव्या घराची मागणी करते ती कलेची शत्रु म्हणून नव्हे.

या प्रश्नाचें एक उत्तर वर सांगितलेल्या बोलोन्या शहरानेंच देऊन पाहिलें. १९६९ सालीं तेथील नगरपालिकेनें जुन्या शहराची योजना केली, आणि १९७३ पासून सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेर नव्या चाळी बांधण्याऐवजीं जुन्या पेठांतील घरें दुरुस्त करण्याकडे वळविला. पिएर लुइजी चेर्वेल्लाती हा या कामाचा मुख्य सूत्रधार. प्रथम त्यांनीं सर्व जुन्या वास्तूंची वर्गवारी केली. मठ व प्रासाद यांसारख्या मोठ्या वास्तु शाळा, ग्रंथालयें व विद्यापीठ यांच्याकडे. कारागिरांचीं अरुंद, खोल, मागें परसू असलेलीं घरें राहण्यासाठींच. आणि मोकळ्या जागांवर त्याच घडणीचीं नवीं घरें. दुरुस्ती चालूं असतां कुटुंबांना जवळपासच तात्पुरतें घर द्यावयाचें आणि मागाहून त्यांच्याच पेठेंत परत आणावयाचें, हें सूत्र ठरलें. योजनेंतील सारें पार पडलें नाहीं. मालकांचा विरोध झाला, आणि जागा सक्तीनें घेण्याचा बेत सोडून त्यांच्याशीं करार करावे लागले. तरीहि घर आणि घरांतील माणूस हीं दोन्ही मिळून वारसा होतो, हा विचार त्या शहरानें जगापुढें ठेवला, याचें मोल फार आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांना वास्तु योजण्याचा प्रसंग येणार नाहीं; परंतु आपल्या गल्लींतील एखाद्या वाड्याचा किंवा चाळीचा निर्णय होत असतां सभेस बसण्याचा प्रसंग केव्हां तरी येईलच. त्या वेळीं नकाशावरील रंगीत चित्र पाहून मान डोलविण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या इमारतीचें माप घेऊन मग काम ठरविलें आहे, कीं काम ठरवून मग तिला तोडावयास काढलें आहे? नवें जें येणार तें शेजाऱ्यांच्या उजेडाला, वाऱ्याला आणि रस्त्याच्या ओळीला मान देणारें आहे काय? आणि काम पुरें झाल्यावर आज येथें राहणारीं माणसें कोठें असतील? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें वास्तुशिल्पी देईल. तिसऱ्याचें उत्तर मात्र कागदावर, सहीशिक्क्यानिशीं, काम सुरू होण्याच्या आधीं मागून घ्यावें.